सगळ्यांची मंडळी कशी सांभाळावी: नव्या पंचांसाठी

सलाम. यंदा आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये, कारभार बघायला तीन नवे पंच निवडून आले, त्यातल्या दोघी पोरी तिशीच्या आसपासच्या. निवड झाली त्या संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही अठरा वर्षं पंच होतात. काय काय करायचं ते आम्हाला लिहून द्या ना." मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते, आयुष्यभर रजिस्टरं भरली, तेव्हा लिहिण्याचा कंटाळा नाही. वर्गणीची पावती कशी फाडायची, सभेचा वृत्तांत कसा लिहायचा, हे सगळं सचिव शिकवतील. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे. दारातून आत आलेलं माणूस आत टिकतं कशानं?

"सर्वांचे स्वागत आहे" असं आमच्याही दारावर लिहिलेलं आहे. पण आलेलं माणूस पाटी वाचून थांबत नाही. आपल्याला कुठे बसवलं, प्रभुभोजनाच्या विधीतला प्याला कोणाच्या मागून आपल्यापर्यंत आला, वहीतलं आपलं नाव राहिलं का खोडलं, हे ते बघतं. पहिल्याच रविवारी त्याला सगळं कळतं.

बसण्याची जागा

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पहिल्याच आठवड्यात तिघांनी मिळून मोठ्यानं वाचा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तिकडे उभा राहा" म्हणतात. मग आपल्याकडे बघा. पुढच्या बाकांवर मास्तर, बँकवाले, रेल्वेतून रिटायर झालेले. मागे सतरंजीवर वस्तीतली माणसं. त्यांना तिथे बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. तिथून उठा असंही कोणी कधी म्हटलं नव्हतं.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. नवी पंच होते, अंगात उत्साह. भिल्ल वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजीला मी हात धरून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही. घरी गेले तर म्हणाली, "तठे सगळा मन्हाकडे देखत व्हतात." तेव्हापासून मी कोणाला ओढून पुढे नेलं नाही. मीच मागे जाऊन सतरंजीवर बसले. हळूहळू बाकीचे पंचही यायला लागले. दोन-तीन महिन्यांत मागचं-पुढचं आपोआप मिसळलं, कारण ज्यांना पंचांशी बोलायचं असतं ते सगळे मागे यायला लागले.

दुसरं, डावीकडे पुरुष आणि उजवीकडे बायका ही वाटणी मोडा. मोडा म्हणजे भांडून नव्हे. मधले चार बाक "घरच्यांनी एकत्र बसायचे" असं जाहीर करा आणि पहिल्या दिवशी उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंच्या घरच्यांना तिथे बसवा. एकट्या राहणाऱ्या विधवेला, बायको गेलेल्या म्हाताऱ्याला आणि कुठल्याच बाजूला ज्याला धड बसू देत नाहीत अशा माणसाला त्या मधल्या बाकांचा किती आधार असतो, ते मी पाहिलं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

पायऱ्यांचंही पाहून घ्या. आमच्या दाराला तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, म्हणजे एकूण ४५. उताराचं माप एकास बारा धरतात, म्हणजे रॅम्प निदान ५.४ मीटर लांब हवा. गवंडी म्हणेल दोन मीटरमध्ये बसवून देतो. ऐकू नका. त्या चढावर चाकाची खुर्ची मागे घसरते, आणि पोलिओ झालेल्या माणसाला दर रविवारी चौघांनी उचलून आत आणावं लागतं. त्याला ते आवडत नाही. जागा कमी असेल तर रॅम्प वळवून घ्या.

प्रभुभोजन: भाकर कोणाची, प्याला कोणापासून

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्यावरून करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल चिडून लिहितो की तुमच्यात एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. पैसेवाले लवकर येऊन जेवून घ्यायचे, राबणारे उशिरा यायचे, तोवर भांडी रिकामी. पौलानं त्यावर सांगितलेला उपाय साधा आहे: एकमेकांसाठी थांबा.

आमच्याकडे उपासना सकाळी नऊला. खेड्यावरची एसटी येते पावणेदहाला. कित्येक वर्षं आम्ही प्रभुभोजन सुरुवातीलाच उरकायचो, आणि एसटीतून उतरलेली माणसं आशीर्वादाच्या वेळी घाम पुसत दारात उभी राहायची. आता प्रभुभोजन शेवटी असतं. गाडी उशिरा आली तर एक गीत जास्त म्हणतो. एप्रिल-मे महिन्यात, ऊन पंचेचाळीसच्या वर जातं तेव्हा, उपासना सातला ठेवतो. आणि त्या दोन महिन्यांत खेड्यावरच्यांसाठी पाळकबाई स्वतःच शनिवारी संध्याकाळी तिकडे जातात.

भाकरीचं जरा सविस्तर सांगते, कारण आमचं खरं भांडण तिथेच झालं. पूर्वी भाकर एकाच घरून यायची, पिढ्यान्‌पिढ्या. आम्ही ठरवलं की पाळीपाळीनं प्रत्येक घरून यावी. यादीत पाचवं नाव वस्तीतल्या एका घराचं होतं. त्या रविवारी दोन कुटुंबं भाकर न घेताच बसून राहिली. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या तरी जात ताटात बसून राहते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

मी काय केलं? पुढच्या खेपेपासून ज्या घरची पाळी असेल त्या घरी शनिवारी रात्री जाऊन भाकरी थापायला बसू लागले. सोबत पुढच्या बाकांवरची एखादी बाई घेऊन जायची. आम्ही कळण्याची भाकरी करतो. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, थोडं मीठ, दळण जरा जाडसर. नुसत्या ज्वारीची भाकरी सकाळपर्यंत वाळून भुगा होते, पाळकबाईंनी मोडली की जमिनीवर सांडते. कळण्याची भाकरी उडदामुळे धरून राहते आणि मोडताना सरळ मोडते. एका चुलीपुढे बसून थापलेली भाकरी सकाळी नाकारणं त्या बायकांनाच जड जाऊ लागलं. दोन्ही कुटुंबं परत घेऊ लागली. त्यातल्या आजोबांना पाच महिने लागले. आम्ही त्यांना एका शब्दानं बोललो नाही, दर वेळी भाकर पुढे धरत राहिलो.

प्याल्यात द्राक्षरस असू द्या, वाईन नको. दारू सोडायची धडपड करणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात, आणि प्रभूच्या मेजावर त्यांची परीक्षा घ्यायची नसते. पाव किलो काळ्या मनुका रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात उकळा, कुस्करा, फडक्यानं गाळा. करोनापासून आम्ही छोटे पेले वापरतो. तबक एकदा मागून सुरू होतं, एकदा मधून. पुढून कधीच नाही. भोजन कोणाला द्यायचं हा निर्णय पाळकांचा, मंडळीच्या नियमांचा. पंचांनी वाटेत उभं राहून कोणाकडे डोळे वटारायचे नाहीत, एवढं आपल्या हातात आहे.

वाचन

आता ते सांगते, जे लिहिताना माझा हात अजून जड होतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं लेकरू. मुलगा म्हणून वाढवलं, पण ते लहानपणापासून वेगळं होतं, आणि घरात-शाळेत त्यासाठी मार खाऊन खाऊन सतराव्या वर्षी सुरतेला निघून गेलं. आज ती साडी नेसते, तिनं आपलं नाव स्वतः ठेवलं आहे, मी तिला त्याच नावानं हाक मारते. एका नाताळाला ती आईसोबत दुसऱ्या गावच्या मंडळीत गेली. बायकांच्या बाजूला बसली तर तिथल्या एका पंचानं येऊन सांगितलं, तिकडे बसा. पुरुषांच्या बाजूला गेली तर तिथली पोरं हसली. आशीर्वादाच्या आधीच ती उठून गेली. माझी बहीण फराळाचा डबा घेऊन एसटी स्टँडवर तिच्या मागे धावली होती.

दोन वर्षांनी ती आमच्याकडे आली. मधल्या बाकावर माझ्याशेजारी बसली. त्या दिवशीचं वाचन नेमकं प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातलं निघालं. आफ्रिकेतल्या कूश देशाच्या राणीच्या दरबारातला खजिनदार, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा. आपल्या जुन्या भाषांतरात त्याच्यासाठी शब्द आहे "षंढ". वाचणाऱ्या मुलानं तो शब्द उच्चारला आणि मागून कोणीतरी खुसकन हसलं. तिचा हात माझ्या हातात होता, तो थंड पडला.

पाळकबाईंनी वाचन तिथेच थांबवलं. पुढे येऊन त्यांनी जे समजावलं, ते आता आम्ही प्रत्येक वाचकाला शिकवतो, म्हणून नीट लिहिते. हा शब्द आपल्या बोलण्यात शिवी आहे. पुस्तकात ती शिवी नाही. पूर्वी राजेलोक काही माणसांचं शरीर कापून त्यांना दरबारात कामाला ठेवत. जुन्या नियमशास्त्रात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत यायला मनाई होती. मग यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की त्यानं "मी वाळलेलं झाड आहे" असं म्हणू नये. मी त्याला माझ्या घरात मुलामुलींपेक्षाही चांगलं नाव देईन. रथातला माणूस याच यशयाचं पुस्तक वाचत होता. वाटेत पाणी दिसल्यावर तो रथात शेजारी बसून येशूबद्दल सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय अडचण आहे? फिलिप्प मनाईचं कलम काढत नाही. दोघं पाण्यात उतरतात.

तेव्हा वाचकांना पुढच्या रविवारचा उतारा गुरुवारीच द्या. त्यात महारोगी, षंढ, वांझ, दासी, लंगडा असा शब्द असेल तर तो बदलायचा नाही, लपवायचा नाही. वाचण्याआधी दोन वाक्यांत सांगायचं की हा माणूस कोण होता आणि देवानं त्याचं काय केलं. समोर बसलेल्यांत तो शब्द अंगावर झेललेलं कोणीतरी असतंच. आणि वाचक आलटून पालटून निवडा. ज्याला सफाईनं वाचता येत नाही त्याला पाठ करायला मदत करा. प्रार्थना ज्याच्या त्याच्या बोलीत होऊ द्या, मग ती अहिराणी असो, मावची असो, पावरी असो. "देवबाप, तू आमना शे", म्हणजे तू आमचा आहेस, हे कमी पवित्र आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या शेजारी बसून ते रोज म्हणा.

ठरवायचं कसं

कोणाला आपलं म्हणायचं, यावर मतभेद होणारच. तेव्हा कोणीतरी म्हणेल, हे सगळं परकं आहे, अमेरिकेतलं आहे. त्यांना इतिहास सांगा. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. ती काँग्रिगेशनल परंपरा, म्हणजे प्रत्येक मंडळीनं एकत्र बसून आपला निर्णय आपण घ्यायचा. खानदेशात पुढे दुसरी मिशनं आली, पण मराठी ख्रिस्ती बोलण्यावर आणि गाण्यावर त्या मिशनचा ठसा आहे. त्याच परंपरेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका मंडळीनं १८५३ साली अँटोनेट ब्राउन या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली. १९५७ साली त्या मंडळ्या दुसऱ्यांबरोबर एक होऊन युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट झालं, आणि १९८५ साली त्यांच्या महासभेनं आपल्या मंडळ्यांना विनंती केली की समलैंगिक माणसांना उघडपणे आपलं म्हणा. हुकूम केला नाही. तिथे आजही प्रत्येक मंडळी अभ्यास करते, बोलते, मग मत टाकते.

आणि आपल्या मातीतलं हवं असेल तर तेही आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला "देवाचा दरबार" उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून शेजारी बसायचे. आमच्या अमळनेरला मास्तर असलेले साने गुरुजी विठ्ठलाचं मंदिर सर्वांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दार उघडण्याचं काम खानदेशाला नवं नाही.

आम्ही आठ शुक्रवार संध्याकाळी बसलो. नियम तीन होते. पहिले दोन शुक्रवार फक्त ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. वचन काढायचं तर पूर्ण अध्याय वाचायचा, एक ओळ उचलून दगडासारखी मारायची नाही. आणि ज्या माणसाबद्दल बोलतोय ते समोर बसलेलं असताना जे म्हणू शकणार नाही, ते त्याच्या पाठीमागेही म्हणायचं नाही. आठव्या शुक्रवारी मत घेतलं नाही, कारण अजून चार घरं तयार नव्हती. ती घरं आजही आमच्यातच आहेत, त्यांच्यासाठीही आम्ही थांबतो. पण जेवढ्यावर सगळ्यांचं जमलं तेवढं त्याच रविवारपासून सुरू केलं.

कायद्याचंही माहीत असू द्या, म्हणजे कोणी घाबरवलं तर उत्तर देता येईल. तृतीयपंथी व्यक्तींची ओळख सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला मान्य केली. दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा म्हणणं ६ सप्टेंबर २०१८ ला थांबलं. अशा जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता द्यायला न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. तेव्हा लग्न लावणं आपल्या हातात नाही. त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणं, जेवणं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसणं आपल्या हातात आहे, आणि ते कोणाची परवानगी न मागता करायचं असतं.

वही

सभासदांची वही उघडा. बऱ्याच मंडळ्यांत नियम असतो की इतके महिने गैरहजर आणि वर्गणी थकली, तर मतदानाचा हक्क गेला. ऐकायला सरळ वाटतो. पण आपल्या नवापूर-नंदुरबार भागातली किती घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात? नियमाप्रमाणे ती दर वर्षी बाहेर पडतात, आणि मंडळीचे निर्णय गावात राहणारे पगारदार घेतात. आम्ही वहीत एक रकाना वाढवला: "कामावर गेलेले". त्यात नाव असलं की हजेरी धरायची नाही, वर्गणी परत आल्यावर, जमेल तशी. निवडणूक आता जूनमध्ये घेतो.

नाताळही त्यांच्या वाट्याला यावा म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघं-तिघं बारडोलीकडच्या पडावावर जातात, भाकर आणि रस घेऊन. पहिल्या वर्षी मी गेले होते. पाचटाच्या झोपडीपुढे कोयते बाजूला ठेवून सगळे बसले, टेबल नव्हतं म्हणून बैलगाडीच्या जुवावर फडकं टाकलं. शेजारच्या झोपडीतली कानबाई देवीला मानणारी माणसंही येऊन बसली आणि आमच्यासोबत गायली. त्यांना आम्ही काही विचारलं नाही. चहा त्यांनीच केला.

कापणीच्या सणाला लोक मंडळीत आपलं पीक आणतात आणि त्याचा लिलाव होतो, त्याबद्दल थोडक्यात: केळीचा घड पाच हजाराला घेणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारायचं आणि मूठभर तूर आणणाऱ्या बाईचं नाही, हे बंद करा. आणलेल्या सगळ्यांची नावं वाचा, बोलीची रक्कम वाचू नका. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेली दमडी येशूनं पाहिली होती; आपण ती टोपलीच्या तळाशी जाऊ द्यायची नाही.

माती

शेवटचं काम दफनभूमीचं. इथे कोणाची नड दिसली की वर्गणीची थकबाकी काढणारे पंच मी पाहिलेत. तुम्ही तसं करू नका. मेलेल्या माणसाची बाकी वहीतून त्याच दिवशी मिटवा. ज्यानं स्वतःहून जीव दिला, ज्याला घरच्यांनी टाकलं, जो वर्षानुवर्षं उपासनेला आला नाही, त्यालाही तीच रांग, तेच वचन. कोपऱ्यात वेगळी जागा नको.

खड्डा खणणाऱ्यांची यादी आत्ताच करून ठेवा, प्रत्येक घरातून एक नाव. आमच्याकडे पूर्वी हे काम फक्त वस्तीतल्या तरुणांकडे असायचं, आता मास्तरांचा मुलगाही खणतो. आमची जमीन काळी आहे. मे महिन्यात भेगा पडून दगडासारखी होते, तेव्हा आदल्या रात्री पाणी मारून ठेवा आणि पहाटे चारला सुरू करा. पावसाळ्यात कडा ढासळतात, तेव्हा दोन फळ्या लागतात. फळ्या, दोन कुदळी आणि तीन फावडी मंडळीच्या मागच्या खोलीत आहेत. खोलीची एक किल्ली पाळकबाईंकडे आहे, दुसरी माझ्याकडे होती. ती मी परवा वस्तीतल्या त्या आजीच्या नातवाला दिली. रात्री-अपरात्री लागली तर त्याच्याकडे जा.